हे तिनेच लिहिले कशावरून?

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या नौदल अकादमीच्या अ‍ॅनापोलिस येथील ग्रंथालयातून ३८१ पुस्तके काढून घेण्यात आली. वैविध्य आणि समावेशकता यांचा पुरस्कार करणारे साहित्य लष्करी शिक्षणसंस्थांत नको, असा वरून आदेश होता. त्या आदेशाच्या तडाख्यात सापडलेल्या पुस्तकांत माया अँजेलू यांचे १९६९ साली प्रसिद्ध झालेले ‘आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज’ हे आत्मचरित्रही होते. पुढच्याच महिन्यात त्यांतली बहुतेक पुस्तके परत जागेवर ठेवली गेली. तरीही बातमी वाचणाऱ्या पुष्कळांना कोडे पडले. आर्कान्सॉ राज्यातल्या एका लहानशा गावात आजीजवळ वाढलेल्या मुलीच्या आठवणींत असे आहे तरी काय, की पन्नासहून अधिक वर्षे शाळा, पालक, ग्रंथपाल आणि आता लष्कर यांनी त्यावरून भांडत राहावे?

त्या एकट्या पुस्तकात याचे उत्तर सापडत नाही. अँजेलू १९६० च्या सुमारास मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे न्यूयॉर्कमधले काम पाहणाऱ्या कार्यकर्त्या होत्या, आणि त्यांचे पुस्तक ज्या परंपरेतले आहे ती त्यांच्या जन्माच्या कितीतरी आधी सुरू झाली होती. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री कार्यकर्त्यांच्या लेखनाला सुरुवातीपासून दोन आक्षेप चिकटलेले आहेत. हे खरे कशावरून, हा पहिला. आणि खरे असले तरी चारचौघांत सांगण्यासारखे आहे का, हा दुसरा. ही पुस्तके जशी लिहिली गेली तशीच का लिहिली गेली, त्यांत काय आले आणि काय गाळले गेले, हे समजून घ्यायचे तर या दोन आक्षेपांपासूनच सुरुवात करावी लागते.

साक्ष देता येत नसेल तर

गुलामगिरीच्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या माणसाविरुद्ध दिलेली साक्ष न्यायालयात ग्राह्य धरली जात नसे. मालकाने चाबकाने फोडून काढले, पोटची मुले विकून टाकली किंवा अंगावर हात टाकला, तरी ज्यांच्यावर हे गुदरले त्यांचा शब्द कायद्याच्या दृष्टीने शून्य होता. शब्द लिहून ठेवण्याची वाटही अडवलेली होती. नॉर्थ कॅरोलायनाने १८३० साली गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणे गुन्हा ठरवले, आणि असे कायदे दक्षिणेत इतरत्रही होते.

त्यामुळे जे उत्तरेकडे निसटले, त्यांच्यापैकी काहींनी आपली हकीकत स्वतः लिहिली किंवा दुसऱ्याला सांगून लिहवून घेतली. गुलामगिरी रद्द व्हावी म्हणून झटणाऱ्या उत्तरेकडील मंडळींनी अशी पुस्तके छापली, सभांतून विकली. या प्रकाराला गुलामकथन म्हणतात. आत्मचरित्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आयुष्याच्या उत्तरार्धात, निवांतपणे मागे वळून पाहणारा लेखक येतो. गुलामकथनाचा लेखक बहुधा तरुण असे, अनेकदा कायद्याने अजून दुसऱ्याच्या मालकीचा असे, आणि त्याला वाचकाकडून काहीतरी हवे असे: मत, पैसा, कायद्यात बदल. न्यायालयात जी फिर्याद दाखल होऊ शकत नव्हती ती येथे छापून दाखल होत होती, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

सही कोणाची, शिक्का कोणाचा

आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत स्वतःच्या गुणपत्रिकेची छायाप्रत ‘खरी प्रत’ ठरवण्यासाठी राजपत्रित अधिकाऱ्याची हिरव्या शाईतली सही लागत असे. परीक्षा आपण दिली, गुण आपले, मूळ कागदही आपल्याच हातात, पण आपल्याला ना ओळखणाऱ्या ना पाळखणाऱ्या साहेबाने शिक्का मारल्याशिवाय त्याला किंमत नाही. गुलामकथनांची गत हीच होती, फक्त तेथे कागदाऐवजी माणसाचे अख्खे आयुष्य प्रमाणित करून घ्यावे लागे.

फिलिस व्हीटली या आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या तरुणीचा कवितासंग्रह १७७३ साली लंडनमध्ये निघाला. त्याच्या आरंभी बोस्टनच्या १८ प्रतिष्ठित पुरुषांनी सह्या केलेले निवेदन छापलेले आहे. या कविता तिनेच लिहिल्या आहेत अशी आमची खात्री आहे, एवढेच त्याचे तात्पर्य. सह्या करणाऱ्यांत मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नरही होते. पुरुषांचीही यातून सुटका नव्हती. गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ सालच्या प्रसिद्ध आत्मकथनालाही दोन गोऱ्या नेत्यांची प्रशस्ती जोडावी लागली. मात्र स्त्रीच्या बाबतीत ‘लिहिले कशावरून’ यापाठोपाठ ‘आणि चारित्र्य कसे’ हाही प्रश्न येई, आणि त्याने सगळेच बिकट होऊन बसे.

गिरमिटाने पाडलेले भोक

याचे सर्वांत बोलके उदाहरण हॅरिएट जेकब्स यांचे आहे, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबणे योग्य ठरेल.

जेकब्स यांचा जन्म १८१३ साली नॉर्थ कॅरोलायनातील ईडन्टन गावी झाला. शिकवण्यावर बंदी येण्यापूर्वीच त्यांच्या पहिल्या मालकिणीने त्यांना वाचायला शिकवले होते. पुढे त्या डॉ. जेम्स नॉरकम यांच्या घरी आल्या, आणि पंधराव्या वर्षापासून या प्रतिष्ठित डॉक्टरने त्यांच्यामागे ससेमिरा लावला. त्याच्या तावडीतून सुटण्यासाठी त्यांनी गावातल्या दुसऱ्या एका गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवला. त्याच्यापासून त्यांना दोन मुले झाली. १८३५ साली त्या नाहीशा झाल्या. नॉरकमने वर्तमानपत्रात १०० डॉलरच्या इनामाची जाहिरात दिली.

त्या प्रत्यक्षात गावाबाहेर गेल्याच नव्हत्या. काही काळ इकडेतिकडे लपल्यावर त्या आजीच्या घराला जोडलेल्या पडवीच्या माळ्यावर येऊन राहिल्या. हा माळा ९ फूट लांब आणि ७ फूट रुंद होता. सर्वांत उंच ठिकाणी त्याची उंची ३ फूट होती आणि तेथून छप्पर उतरत जमिनीला टेकत होते. उजेड नाही, वारा नाही, उंदीर मात्र मुबलक. कूस बदलायची तरी डोके छपराला आपटे. एके दिवशी चाचपडताना त्यांच्या हाताला एक गिरमिट लागले. त्याने त्यांनी फळीत एकाखाली एक अशा भोकांच्या तीन ओळी पाडल्या, मग मधले लाकूड पोखरून काढले, आणि साधारण इंचभर लांब, इंचभर रुंद अशी एक फट तयार केली. तीतून त्यांना रस्ता दिसू लागला. आपली मुले दिसावीत म्हणून हा खटाटोप होता, पण रस्त्यावर त्यांना पहिला माणूस दिसला तो तो डॉक्टरच.

या माळ्यावर त्यांनी जवळजवळ ७ वर्षे काढली. त्या काळात त्या नॉरकमला पत्रे लिहीत आणि ती न्यूयॉर्कसारख्या ठिकाणाहून टपालात पडतील अशी व्यवस्था करीत, म्हणजे तो उत्तरेत शोध घेत बसेल. १८४२ साली त्या खरोखर उत्तरेत पोहोचल्या. १८५२ साली त्या ज्यांच्या घरी काम करीत त्या बाईंनी ३०० डॉलर भरून त्यांना मोकळे केले. आपल्या मोकळिकीची पावती कोणीतरी फाडली, याचा जेकब्स यांना कृतज्ञतेबरोबरच संतापही आला, आणि तोही त्यांनी पुस्तकात लपवलेला नाही.

पुरुषांच्या पुस्तकांत हे आलेच नव्हते का?

हा आक्षेप रास्त आहे. डग्लस यांच्यासारख्यांनी गुलामगिरीचे सारे क्रौर्य लिहून ठेवले असताना स्त्रियांच्या पुस्तकांचे वेगळे प्रयोजन काय, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर एका जुन्या कायद्यात आहे. इंग्रजी परंपरेत मूल बापाच्या दर्जाचे मानले जाई. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीने १६६२ साली हा नियम उलटा केला, आणि मूल आईच्या दर्जाचे ठरवले. आई गुलाम तर मूल गुलाम, मग बाप कोणीही असो. इतर वसाहतींनीही हीच वाट धरली. या एका वाक्याच्या कायद्याने मालकाने केलेला अत्याचार गुन्हा तर राहिला नाहीच, उलट त्यातून होणारे मूल मालकाच्या मालमत्तेत जमा होऊ लागले. गुलामगिरीचे अर्थकारण स्त्रीच्या देहावर कसे उभे होते, हे पुरुषांच्या लेखनात ओझरते येते. जेकब्स यांच्या पुस्तकाचा तोच गाभा आहे.

पण हे सांगायचे तर स्वतःच्या विवाहबाह्य संबंधाबद्दल लिहिणे भाग होते, आणि वाचक म्हणून डोळ्यांसमोर होत्या उत्तरेकडच्या धर्मशील गोऱ्या गृहिणी. म्हणून जेकब्स यांनी लिंडा ब्रेंट हे टोपणनाव घेतले आणि सगळ्यांची नावे बदलली. १८६१ साली बोस्टनमध्ये ‘इन्सिडेंट्स इन द लाइफ ऑफ अ स्लेव्ह गर्ल’ निघाले तेव्हा शीर्षकपानावर ‘तिने स्वतः लिहिलेले’ असे शब्द होते, संपादक म्हणून लिडिया मरिया चाइल्ड या नामवंत गोऱ्या लेखिकेचे नाव होते, आणि शेवटी ओळखीच्या दोघांनी दिलेले दाखले होते. चाइल्ड यांनी प्रस्तावनेत सांगितले की आपण मुख्यतः काटछाट आणि मांडणी केली. त्यांच्याच सल्ल्याने एक शेवटचे प्रकरण गळाले. ते होते गुलामगिरीविरुद्ध सशस्त्र उठावाचा प्रयत्न करणाऱ्या जॉन ब्राउनवरचे. गोऱ्या वाचकाला पेलेल तेवढेच पुढे ठेवायचे, हा या सहकार्याचा अलिखित नियम होता, आणि तो फक्त चाइल्ड यांनीच पाळला असे नाही.

दाखले असूनही विश्वास बसला नाही

टोपणनावाने जेकब्स यांचे रक्षण झाले, पण त्यानेच पुढे पुस्तकाचा घात केला. शंभराहून अधिक वर्षे अनेक अभ्यासकांनी ते चाइल्ड यांनी रचलेली कादंबरी समजून बाजूला ठेवले. सात वर्षे माळ्यावर राहणे अशक्यच, भाषा इतकी सफाईदार कशी, घटना भावुक कादंबऱ्यांसारख्या कशा, अशी कारणे दिली गेली. गुलामांच्या जीवनावर १९७० च्या दशकात महत्त्वाचे काम करणाऱ्या इतिहासकारांनीही ते विश्वसनीय मानले नाही.

जीन फेगन येलिन या संशोधिकेने मग एक साधी गोष्ट केली. जेकब्स यांनी एमी पोस्ट या मैत्रिणीला लिहिलेली पत्रे रॉचेस्टर विद्यापीठाच्या संग्रहात होती. येलिन यांनी ती वाचली, पुस्तकाशी ताडून पाहिली, आणि ईडन्टनच्या नोंदींतून एकेका बदललेल्या नावामागचा खरा माणूस शोधून काढला. १९८१ साली त्यांनी लेख लिहिला आणि १९८७ साली हार्वर्डच्या छापखान्यातून पुस्तकाची सटीप आवृत्ती आली. १८६१ पासून १९८७ म्हणजे १२६ वर्षे. पुराव्यांत नॉरकमची ती इनामाची जाहिरातही होती. पळालेल्या मुलीला ओळखता यावे म्हणून त्याने तीत लिहिले होते की ती सहज आणि अस्खलित बोलते. भाषा इतकी सफाईदार कशी, या शंकेला खुद्द मालकानेच १८३५ साली उत्तर देऊन ठेवले होते.

लिहिता न येणाऱ्या बाईचे आत्मचरित्र

सोजर्नर ट्रूथ यांचा प्रश्न वेगळा आहे. त्या १७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मल्या. मालक डच असल्याने लहानपणी त्यांना डचच येत होते, इंग्रजी त्या नंतर शिकल्या. १८२८ साली त्यांनी दक्षिणेत बेकायदा विकलेला आपला मुलगा न्यायालयात जाऊन परत मिळवला. लिहिता-वाचता त्यांना कधीच आले नाही. १८५० साली निघालेले त्यांचे आत्मकथन ऑलिव्ह गिल्बर्ट या बाईंनी त्यांच्याकडून ऐकून लिहिले, आणि त्यात गिल्बर्टबाईंची मते मधूनमधून सरळ डोकावतात.

मग ते ट्रूथ यांचे कसे? येथे सावध राहिलेलेच बरे, कारण त्यांच्या सर्वांत गाजलेल्या भाषणाची कथा सावध करणारी आहे. मे १८५१ मध्ये ओहायो राज्यातील अ‍ॅक्रनच्या स्त्री हक्क परिषदेत त्या बोलल्या. महिन्याभरात एका गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रात त्या भाषणाचा वृत्तान्त आला. त्यात ‘मी बाई नाही का?’ हा आज पोस्टरांवर दिसणारा प्रश्न नाही. तो आला १२ वर्षांनी, फ्रान्सिस गेज यांनी आठवणीतून लिहिलेल्या पाठात. त्या पाठात ट्रूथ दक्षिणेकडच्या गुलामांच्या बोलीत बोलतात आणि आपल्याला तेरा मुले झाल्याचे सांगतात. दक्षिणेशी त्यांचा संबंध नव्हता आणि मुले पाच होती. गोऱ्या हितचिंतक बाईंनी त्यांच्या तोंडी शोभेल असे वाटलेले बोलणे घातले, असाच याचा अर्थ होतो. म्हणून आज अभ्यासक १८५१ चा पाठ जवळचा मानतात.

ट्रूथ यांना स्वतःच्या प्रतिमेवर आपलाच हक्क असावा याची जाण होती, हे दुसऱ्या एका गोष्टीवरून दिसते. त्या स्वतःची छायाचित्रे विकून पोट भरत, त्यांचे स्वामित्वहक्क स्वतःच्या नावे घेत, आणि खाली छापत की देह जगवण्यासाठी मी माझी सावली विकते.

शत्रूच्याच वर्तमानपत्रातून

गुलामगिरी १८६५ साली संपली, पण ‘खरे कशावरून’ हा प्रश्न संपला नाही. आयडा बी. वेल्स यांनी त्याला जे उत्तर शोधले ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत चतुर वाटते.

वेल्स १८६२ साली मिसिसिपी राज्यात जन्मल्या. सोळाव्या वर्षी पीतज्वराच्या साथीत आईवडील गेले आणि भावंडांसाठी त्या शिक्षिका झाल्या. रेल्वेच्या स्त्रियांच्या डब्यातून आपल्याला ओढून काढणाऱ्या कंडक्टरच्या हाताला आपण कडकडून चावलो, हे त्यांनी आत्मचरित्रात संकोच न करता लिहिले आहे. त्या प्रकरणी त्यांनी कंपनीवर दावा लावला, १८८४ साली ५०० डॉलरचा निकाल मिळवला, आणि १८८७ साली टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयात तो गमावला.

मार्च १८९२ मध्ये मेम्फिस शहरात टॉमस मॉस आणि त्यांचे दोन सहकारी यांना जमावाने तुरुंगातून बाहेर नेऊन ठार केले. मॉस हे पोस्टमन आणि वेल्स यांचे स्नेही होते. त्यांनी इतरांबरोबर किराणा दुकान काढले होते आणि ते शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत खुपत होते. अशा झुंडबळींचे समर्थन करताना, कृष्णवर्णीय पुरुष गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार करतात म्हणून लोक खवळतात, असे सर्रास सांगितले जाई. मॉस यांच्या बाबतीत तर तसा आरोपही नव्हता. वेल्स यांनी इतर घटना तपासायला घेतल्या, त्यावर आपल्या ‘फ्री स्पीच’ या वर्तमानपत्रात लिहिले, आणि मे महिन्यात त्या गावाबाहेर असताना जमावाने कचेरीची मोडतोड केली. परत आलात तर जीव जाईल, असा निरोपही आला.

त्यानंतरच्या ‘सदर्न हॉरर्स’ (१८९२) आणि ‘द रेड रेकॉर्ड’ (१८९५) या पुस्तिकांत त्यांनी आपल्या लोकांची साक्ष मुख्य पुरावा म्हणून वापरलीच नाही. कृष्णवर्णीय साक्षीदार खोटा ठरवला जाईल हे त्यांना पक्के माहीत होते. त्यांनी ‘शिकागो ट्रिब्यून’ने दरवर्षी छापलेल्या झुंडबळींच्या याद्या घेतल्या, दक्षिणेकडच्या गोऱ्या वर्तमानपत्रांतले वृत्तान्त घेतले, आणि त्यांवरूनच दाखवून दिले की मारल्या गेलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश लोकांवर बलात्काराचा नुसता आरोप तरी झाला होता. उरलेल्यांची कारणे चोरीपासून उद्धटपणापर्यंत काहीही होती. खुन्यांचा निवाडा त्यांच्याच तोंडच्या शब्दांनी होईल, असे त्यांनी लिहिले आहे. ज्याला आज आपण आकडेवारीवर आधारलेली शोधपत्रकारिता म्हणतो ती १८९० च्या दशकात एका तिशीच्या बाईने जिवावर उदार होऊन केली. २०२० साली त्यांना मरणोत्तर पुलित्झर सन्मान मिळाला.

त्यांचे आत्मचरित्र मात्र फार उशिरा आले. जिला वेल्स यांचे नाव ठाऊक होते पण काम ठाऊक नव्हते अशी एक तरुणी भेटली, आणि तेव्हा लिहायलाच हवे असे वाटले, असे त्या सांगतात. त्यांनी १९२८ साली लेखन सुरू केले, १९३१ साली त्या वारल्या, आणि हस्तलिखित एका शब्दाच्या मध्यावर तुटले. त्यांची मुलगी अल्फ्रेडा डस्टर यांनी ते जपले, संपादित केले, आणि ‘क्रूसेड फॉर जस्टिस’ हे पुस्तक १९७० साली शिकागो विद्यापीठाने छापले.

थकलेली शिंपीण आणि सायक्लोस्टाइल यंत्र

१ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडली नाही आणि त्यांना अटक झाली, हे बहुतेकांना माहीत असते. शाळेच्या पुस्तकांत त्यांची गोष्ट अशी सांगितली जाते की दिवसभर शिवणकाम करून थकलेली एक साधी बाई त्या दिवशी उठली नाही आणि इतिहास घडला. पार्क्स यांनी १९९२ च्या ‘माय स्टोरी’ या आत्मचरित्रात हे स्पष्ट शब्दांत खोडून काढले आहे. शरीर काही विशेष थकले नव्हते, थकवा होता तो सारखे नमते घेण्याचा, असे त्या म्हणतात. त्या तेव्हा ४२ वर्षांच्या होत्या आणि शहरातल्या नागरी हक्क संघटनेचे चिटणीसपद अनेक वर्षे सांभाळत होत्या.

पण त्या रात्री पुढे काय झाले हे कळण्यासाठी जो अ‍ॅन रॉबिन्सन यांचे १९८७ सालचे पुस्तक वाचावे लागते. रॉबिन्सन अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि स्त्रियांच्या एका राजकीय मंडळाच्या अध्यक्षा होत्या. पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधी, मे १९५४ मध्येच, त्यांनी महापौरांना पत्र लिहून बसवर बहिष्कार पडू शकतो असे बजावले होते. अटकेची बातमी कळताच त्या मध्यरात्री एक सहकारी आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजात गेल्या आणि पहाटे चारपर्यंत सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली. सकाळी आठला त्यांनी नेहमीचा तास घेतला आणि मग गाडीतून पत्रके वाटली. त्याच वर्षी मार्चमध्ये याच कारणाने अटक झालेल्या पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्विनचा त्या पत्रकात नावानिशी उल्लेख आहे. पत्रकाखाली रॉबिन्सन यांनी आपले नाव घातले नाही, कारण कॉलेज सरकारी पैशावर चालत होते. बहिष्कार ३८१ दिवस चालला. (नौदल अकादमीने काढलेल्या पुस्तकांचाही आकडा तोच निघावा, हा निव्वळ योगायोग.) सभांत बोलणारे धर्मोपदेशक जगप्रसिद्ध झाले, आणि यंत्र फिरवणाऱ्या बाईचे नाव तिने स्वतः लिहीपर्यंत फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

आठवणी म्हणजे इतिहास नव्हे, हे खरे नाही का?

खरे आहे. रॉबिन्सन यांनी घटनेनंतर तीस वर्षांनी लिहिले, वेल्स यांनी पस्तीस-चाळीस वर्षांनी. माणूस विसरतो, सावरून घेतो, स्वतःला बरे दाखवतो. म्हणून कोणतेही आत्मचरित्र एकट्याने पुरावा होत नाही. पण हाच निकष सेनापती आणि राष्ट्राध्यक्षांच्या आठवणींना लावला, तर त्यांच्यावरही तेवढाच संशय घ्यायला हवा, आणि तो घेतला जात नाही. जेकब्स यांची पत्रे, नॉरकमची जाहिरात, रॉबिन्सन यांचे महापौरांना लिहिलेले पत्र आणि ते पत्रक ही सगळी कागदपत्रे आज उपलब्ध आहेत. या स्त्रियांच्या पुस्तकांची जितकी कसून तपासणी झाली तितकी फार थोड्या आत्मचरित्रांची झाली असेल.

एका व्यक्तीचे आयुष्य म्हणजे सगळ्यांचे नव्हे, असाही आक्षेप येतो. तो कृष्णवर्णीयांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांनी स्वतःच घेतला होता. खुनाच्या आणि अपहरणाच्या आरोपांतून जून १९७२ मध्ये सर्व गोऱ्या ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवल्यावर प्रकाशक मागे लागले, तेव्हा इतक्या तरुण वयात आत्मचरित्र लिहिणे हा आगाऊपणा ठरेल आणि आपण इतरांहून निराळ्या आहोत असा भास होईल, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली. १९७४ साली पुस्तक आले ते चळवळीचे राजकीय आत्मचरित्र म्हणून. ते संपादित केले होते कादंबरीकार टोनी मॉरिसन यांनी, ज्या तेव्हा प्रकाशनसंस्थेत नोकरी करीत होत्या. जेकब्स यांच्यापासून सुरू झालेल्या वाटेवर हा बदल लहान नव्हे. आता लेखिका आणि संपादक दोघीही कृष्णवर्णीय होत्या, आणि तिसऱ्या कोणाच्या दाखल्याची गरज उरली नव्हती.

आणि चारचौघांत सांगण्यासारखे?

चाइल्ड यांनी १८६१ च्या प्रस्तावनेतच ओळखले होते की पुस्तक असभ्य ठरवले जाईल. १८६८ साली एलिझाबेथ केकली यांनी आठवणी लिहिल्या. त्या गुलामगिरीतून स्वतःला विकत घेऊन सुटलेल्या आणि अब्राहम लिंकन यांच्या पत्नीचे कपडे शिवणाऱ्या होत्या. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला, कारण शिवणकाम करणाऱ्या बाईने मोठ्या घरच्या गोष्टी बाहेर सांगाव्यात हेच लोकांना खपले नाही. प्रकाशकाने श्रीमती लिंकन यांची खासगी पत्रे परिशिष्टात छापून त्या आगीत तेल ओतले.

अँजेलू यांच्या पुस्तकावर शाळांत घेतला जाणारा मुख्य आक्षेप याच जातीचा आहे. आठ वर्षांच्या मुलीवर आईच्या मित्राने केलेला बलात्कार आणि त्यानंतर तिने वर्षानुवर्षे धरलेले मौन त्यात आहे. कोणत्या वयाच्या मुलांना काय वाचायला द्यावे ही पालकांची काळजी खोटी नाही, आणि बारा वर्षांच्या मुलाच्या हाती हे पुस्तक विनातयारी देऊ नये असे मलाही वाटते. पण नौदल अकादमीत शिकणारे विद्यार्थी सज्ञान असतात आणि उद्या हाती शस्त्र घेणार असतात. त्यांच्या बाबतीत ही सबब टिकत नाही.

गुलामगिरीवर लिहिणाऱ्या मराठी माणसाने काय वाचले असते

जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. जेकब्स यांचे पुस्तक त्याच्या १२ वर्षे आधीचे आहे. ते अर्पण ज्यांना आहे त्या सदाचारी लोकांबरोबर, स्वतःची सुटका स्वतः करणारे आणि सुटकेनंतर लेखणी हाती घेणारेही होते, हे या पुस्तकांवरून दिसते. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि त्यापुढच्या दशकात मराठीत दलित स्त्रियांची आत्मकथने येऊ लागली. त्या आत्मकथनांची मुळे इथल्या मातीत आणि आंबेडकरी चळवळीत आहेत, ती अमेरिकेतून आली असे म्हणणे चूक ठरेल. पण ‘हे खरे का’ आणि ‘हे सांगावे का’ हे दोन्ही प्रश्न आपल्याकडच्या लेखिकांनाही ऐकावे लागले, एवढे ती पुस्तके आली तेव्हाच्या चर्चा आठवणाऱ्यांना सांगावे लागणार नाही.

कोठून वाचायला घ्यावे

जेकब्स यांचे पुस्तक आणि वेल्स यांच्या पुस्तिका स्वामित्वहक्काची मुदत संपल्याने इंटरनेटवर मोफत वाचता येतात. इंग्रजी जुने आहे पण अवघड नाही. जेकब्स यांच्या पुस्तकात ४१ प्रकरणे आहेत. वेळ थोडा असेल तर माळ्यावरचे २१ वे प्रकरण आधी वाचावे, ते काही पानांचेच आहे. वेल्स यांच्या ‘द रेड रेकॉर्ड’मध्ये नावे, तारखा आणि कारणे यांच्या लांबलचक याद्या आहेत. कंटाळा आला तरी त्यांतली निदान एका वर्षाची यादी ओळ न ओळ वाचावी, कारण पुस्तिकेचा सगळा युक्तिवाद तीतच आहे. चाइल्ड यांची प्रस्तावना आणि मागचे दाखले मात्र जेकब्स यांचे लेखन वाचून झाल्यावर वाचावेत, म्हणजे साक्ष आधी ऐकली जाते आणि सह्या नंतर तपासल्या जातात.